अठ्ठाविसावा दिवस

आई दोरीवरच्या चादरी काढताना आधी झटकायची,
करडी भुकटी उडायची, पिठाहून बारीक.
भट्टीचा धूर.
फ्योर्डच्या या टोकाला बर्फसुद्धा मळकाच पडायचा.
आई चिडायची. बाबा भट्टीवरून येऊन
बूट काढता काढता म्हणायचे,
"धूर दिसतोय तोवर पगार आहे."

मग कायदा आला. धुराड्यांना गाळण्या बसल्या,
आणि तोच धूर पोत्यांत भरून
शेडमागे थप्पीला लागला,
कुणालाच नको असलेला.

आज तो मी ग्रॅमवर मोजते.
सिमेंटच्या कणापाशी याचा कण
म्हणजे भोपळ्यापाशी मोहरी.
दोन कणांमधली जी फट पाणी आपलीच समजतं
तिथे हा जाऊन बसतो
आणि पुन्हा उठत नाही.

पाणी कमी. बाकी सगळं नंतर.
नवी पोरं विचारतात, एवढ्याशा पाण्यात हे वाहणार कसं?
मी तपकिरी द्रावाची मापटी ओतते.
मिक्सरमधला हट्टी गोळा थोडा वेळ तसाच फिरतो,
मग मधासारखा सैल होतो.
दरवेळी बघते. दरवेळी आवडतं.

पुलाचा तिसरा खांब भरला त्या रात्री वारा सुटला.
योस्टाइन वरून ओरडला, "सिन्नोवे, प्लास्टिक! आत्ता!"
साधं काँक्रीट ओतल्यावर जरा पाझरतं,
स्वतःच्या अंगावर ओल धरून राहतं.
याला घाम फुटत नाही,
वारा लागला की तासाभरात साल तडकते.
आम्ही गुडघ्यांवर रांगत ताडपत्र्या अंथरल्या,
कडांना दगड, दगडांवर आमचीच वजनं.
खाली समुद्र खारट तोंडाने वाट बघत होता.
त्याला आतलं लोखंड हवंय. घाई नाही त्याला.

अठ्ठाविसाव्या दिवशी ठोकळे पाण्यातून काढले,
पुसले, दाबयंत्रात ठेवले.
साठ. सत्तर. नव्वदला खोलीत कुणी बोलेना.
साधा ठोकळा आधी कुरकुरतो,
भेगा दाखवतो, माणसाला वेळ देतो.
हा काही सांगत नाही.
एकशे सहाला बंदूक झाडल्यासारखा गेला,
जाळीवर खडी थडथडली,
आणि योस्टाइन हसला, कारण आकडा चांगला होता.

पलीकडच्या बोगद्याच्या अस्तराचं मात्र वेगळं.
आग लागली तर आतल्या ओलीची वाफ होते,
आणि इतक्या गच्च अंगातून तिला वाट मिळत नाही.
मग ते स्वतःची कातडी फेकून देतं, ढलप्या ढलप्यांनी.
म्हणून त्यात प्लास्टिकचे तंतू मिसळतो, केसाहून बारीक.
आगीत ते आधी वितळतात,
त्यांच्या जागी वाटा उरतात.
"म्हणजे मरायलाच घातलेले?" तपासणीला आलेल्या बाईंनी विचारलं.
मी रकाना भरत होते. "हो," म्हटलं.

उद्घाटनाच्या आदल्या रविवारी बाबांना पुलावर नेलं.
मांडीवर ऑक्सिजनची नळकांडी,
ओठ नेहमीसारखे मिटलेले.
मधोमध त्यांनी हाताने थांब म्हटलं.
इथूनच खाली फेरी जायची,
शेवटची रात्री दहाला.
आईला दुखायला लागलं तेव्हा सव्वाअकरा झाले होते.

"किती वर्षं टिकेल?"
"शंभर. कागदावर."
त्यांनी कठड्यावरून बोट फिरवलं,
जुन्या सवयीने डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.
"हाताला काही लागत नाही," म्हणाले.
"यात तुमचा धूर आहे, बाबा. पोत्यांनी आहे."
ते बराच वेळ बोटाकडेच बघत राहिले.

वारा नळीत शिरून शीळ घालत होता.
"तिला सांगायला हवं होतं," ते म्हणाले,
आणि मग अकरा वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव घेतलं,
आणि मग बोलतच राहिले,
चादरींबद्दल, दोरीबद्दल,
गाडी पार पलीकडच्या काठाला लागेपर्यंत.